गाठ बांधून नेपतीच्या गावाला

नेपती बघितलेलं तुमच्यात कुणी हाय का? म्या बी आवंदापर्यंत बघितली नव्हती, अन् नेपती म्हंजी तर आमच्या घराचं देवक. लग्नाच्या आधी देवकाच्या झाडाची फांदी आणून मांडवात पुजायची, मग हळद, मग लग्न, असं असतंय. कुणाचं देवक वासनवेल, कुणाचं आंब्याची डहाळी. ती माणसं परसात जातेत अन् चहा गार व्हायच्या आत घेऊन येतेत. आमचं मातर नेपती. आमच्या जळकोटाच्या ओढ्याला वाळूत एक होती म्हणं पूर्वी. पण भावकी मोठी, लग्नं लई, दर लग्नाला एक फांदी, असं करता करता बुडखा बी गेला. आता ती हाय पार परंड्याकडं, सीना नदीच्या वाळूत, एका गावाच्या बाहेर. गावाचं नाव मी सांगणार न्हाय. का, ते पुढं कळंलच.

माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळं जसं बोलते तसंच लिहिते. आमच्या आत्याबाईंना हे कळलं तर माझं काय खरं न्हाय. पण त्यांना वाचता येत न्हाय अन् घरात त्यांना वाचून दाखवणारी मीच, म्हणून धाडस केलंय.

जळकोट

धाकट्या दिराचं, किरणचं, लग्न निघालं. देवक आणायला खरं तर नवरदेवाची बहीण अन् तिचा नवरा जातो. किरणला बहीण न्हाय, म्हणून थोरल्या भावाचा नंबर लागला, म्हंजी आमच्या ह्यांचा. ह्यांचा लागला म्हंजी माझा बी लागला, अन् माझ्या कमरेवर परी, आठ महिन्यांची, तिला दात यायलेत, दिसंल ते तोंडात घालती, म्हंजी तिचा बी लागला.

मी तुळजापूरच्या पलीकडं एकटी कधी गेलेली न्हाय. मला गाडी लागती. मला कंडक्टरची भीती वाटती. मला कुत्र्याची, मधमाशीची, पुलाची अन् अनोळखी संडासाची भीती वाटती, पण ह्या सगळ्या भित्या एका तागडीत घातल्या तरी दुसऱ्या तागडीत आत्याबाई जड.

आत्याबाई म्हंजी माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. घरातलं लग्नकार्य त्यांच्या शब्दाबाहेर जात न्हाय. त्या वसरीवर बसतेत, मांडीपाशी मिश्रीची बरणी, चिनी मातीची, वरून तपकिरी खालून पांढरी. तिचं झाकण कुठं गेलंय कुणास ठाऊक, वर स्टीलची वाटी पालथी घातलेली असती. ती वाटी बरणीवर टक-टक वाजवत त्या बोलतेत.

"ऐक," त्या म्हणल्या, टक. "तुझ्या लग्नात म्या अन् आमच्या मालकांनी नेपती आणली. एका घावात फांदी. हिरवीगार. बघणारे बघत राहिले." टक. "तुमी उद्या निघायचं, परवा हळदीच्या आधी मांडवात पोचायचं. देवक न्हाय तर हळद न्हाय, अन् हळद न्हाय तर लग्न न्हाय. पोरीकडचे तयारच हायेत नावं ठेवायला."

"व्हय आत्याबाई."

"तुझा पदर अन् त्याचं उपरणं, गाठ इथं उंबऱ्यात मारायची. ती देवक मांडवात ठेवल्यावरच सुटणार."

आमचे ह्ये म्हणले, "आत्या, गाड्या बदलायच्यात. बार्शीला उतरायचंय. गाठ तिथं नदीवर गेल्यावर मारली तर?"

"दत्ता, तुझं लग्न गाठ मारून झालं का न मारता?"

ह्ये उठून कुऱ्हाडीला धार लावायला गेले.

"अन् तिसरं," आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, "देवक म्हंजी घरातलं माणूस. त्याचं पान चघळायचं न्हाय, फळ खायाचं न्हाय. खाल्लं की तोंड वाकडं होतं. माझ्या चुलत नणंदेचं झालं. मरस्तोवर एका बाजूनं हसली बिचारी."

मी तिथंच परीच्या तोंडात बोट घालून बघितलं, काय हाय का म्हणून. वसरीचा पोपडा होता, तो काढला.

सकाळी उंबऱ्यात गाठ मारली. ह्यांनी उपरणं खांद्यावर घेतलं होतं, म्हंजी गाडीत काढून माझ्या मांडीवर टाकता आलं असतं. आत्याबाईंनी ते ओळखलं अन् कमरेला गुंडाळून मागनं आवळलं. ह्यांच्या खांद्यावर कुऱ्हाड, कुऱ्हाडीच्या पात्याला रीतीपरमाणं पुरणाची पोळी बांधलेली. माझ्या कमरेवर परी. असं आमी तिघं रस्त्याला लागलो, अन् शेजारचं सगळं लेकरूबाळ हायवेपर्यंत पोचवायला आलं.

गाडीत

तुळजापूर, धाराशिव, मग बार्शीची गाडी. सगळं सांगत बसत न्हाय. पण धाराशिवच्या स्टँडात कंडक्टरनं आमाला पायरीवरच थांबवलं.

"कुऱ्हाड घेऊन कुठं?"

"देवकाला," ह्ये म्हणले.

"अन् पोळी?"

"तिला बांधलीय."

"ते दिसायलंय मला. भूक कुऱ्हाडीला लागती का तुमाला?"

अख्खी गाडी हसली. मला वाटलं, आता उतरवतंय ह्यो बाबा, मग हळद न्हाय, लग्न न्हाय. माझं तोंड रडवेलं झालं असंल, कारण तो एकदम नरमला अन् म्हणला, "आमचं मोरवेल. माझ्या लग्नात मेव्हण्यानं चुकून दुधी भोपळ्याचा वेल आणला होता. अजून संसार चाललाय. बसा." कुऱ्हाड त्यानं स्वतःच्या सीटखाली ठेवली, पोळी वर करून, धूळ लागू नये म्हणून.

मग गाडीत देवकाचाच विषय. पुढच्या मावशी म्हणल्या आमचं पिंपळ, मागचे आबा म्हणले आमचं तर तलवारीची धारच हाय, ती पुजायची, झाडाची कटकट न्हाय. "नेपती" म्हणल्यावर मातर सगळे माझ्याकडं बघायले. एकानं विचारलं, "ती कशी असती?" मी म्हणलं, "हिरवीगार." आत्याबाई बोलल्या होत्या ना.

तेवढ्यात फोन. आत्याबाईंचा व्हिडिओ कॉल. तिकडं घरातल्या पोरांनी मोबाईल धरलेला, आत्याबाईंचं नुसतं नाक अन् नथ दिसायलेली.

"गाठ दाखव."

म्या दाखवली.

"आणखी जवळ. आणखी. ही गाठ का पोरीचं डोकं?"

"डोकं हाय, परी मधी आली. ही बघा गाठ."

"हं. सैल दिसायली." अन् फोन बंद.

कंडक्टर म्हणला, "ताई, चेकर आमाला बी येतो, पण असा न्हाय."

बार्शी स्टँड

इथं ती गोष्ट झाली जी मी लिहू का नको असं करायले. ह्यांना लघवीला लागली. लई येळ दाबून धरलेली, येडशीपासनं. ह्ये म्हणले, "सोडतो गाठ, लगेच मारू." मी म्हणलं, "न्हाय." ह्ये म्हणले, "कुणाला कळणार हाय?" मी म्हणलं, "देवकाला." अन् खरं सांगू, देवकापेक्षा बी मला त्या फोनची भीती होती.

शेवटी माझा पदर जेवढा लांब करता येईल तेवढा केला. ह्ये पुरुषांच्या दारातनं आत, मी बाहेर भिंतीकडं तोंड करून, पदर दारातनं ताणलेला. पदर ताणला की मी मागं एक पाऊल सरकायची. दारातला माणूस म्हणला, "बाई, जोडीनं यायची इथं सोय न्हाय." मी म्हणलं, "मी आले न्हाय, नुसता पदर आलाय."

एक म्हातारी बाई थांबली. पदराकडं बघितलं, दाराकडं बघितलं, मग माझ्या कानाशी येऊन म्हणली, "पळून जातोय का गं? म्हणून बांधलायस?"

"न्हाय हो मावशी. देवकाला चाललाव."

"असं व्हय," ती म्हणली, जणू हे रोजचंच. "आण, लेकरू धरते तवर." अन् परीला घेऊन ह्ये बाहेर येईपर्यंत उभी राहिली. आमच्याकडं असं अनोळखी माणसाच्या हातात लेकरू देत न्हाईत. बार्शीची माणसं चांगली हायेत एवढंच सांगते.

वाळू

परंड्याला उतरून टमटम केली. टमटमवाल्यानं नदीच्या अंगाला सोडलं, अन् म्हणला, "ते बाभळीपल्याड झोपडं, ती गोदाआजी. झाडावर तिचंच राज्य हाय. माघारी गाडी आता उद्या सकाळीच." म्हंजी वस्ती पडली. माझं काळीज टमटमसंगंच गेलं.

सीनेचं पात्र म्हंजी पाणी थोडं अन् वाळू लई. चप्पल रुतायली. ऊन असं की वाळूकडं बघवंना. मला वाटलं होतं, देवक म्हंजी केवढं मोठं, सावलीचं, पानांचं झाड असंल. बाभळीपल्याड गेलो तर वाळूच्या उंचवट्यावर नुसता काटक्यांचा भारा. एक पान न्हाय. पान कशाला, पानाची खूण न्हाय. काट्यावर काटे, एकात एक गुतलेल्या फांद्या, कोंबडीनं उकरल्यासारखं.

ह्ये म्हणले, "मेलंय."

मला रडूच आलं. आमच्या घराचं देवक मेलं, अन् आमी मौतीला पोळी घेऊन आलो. किरणचं लग्न डोळ्यापुढनं गेलं, पोरीकडचे गेले, आत्याबाईंची वाटी टक-टक वाजायली. परी बी माझं बघून भोकाड पसरली.

"कोण मेलं?" झोपड्यातनं आवाज आला. गोदाआजी बाहेर आली. बारीकशी, वाकलेली, हातात काठी, मागं दोन शेळ्या.

"आजी, नेपती वाळली हो," मी म्हणलं.

"वाळली तुझी अक्कल! तिला पानं नसतेत. इवलाली येतेत पाऊस पडल्यावर, अन् लाजून गळून जातेत. फांदी बघ की, हिरवी हाय का न्हाय? अन् इकडनं ये, इकडनं. उन्हाच्या बाजूनं काय बघतीस?"

आमी पलीकडच्या बाजूला गेलो. अन् तिथं, बायांनो, मला सांगता येणार न्हाय नीट. त्या काटक्यांवर लाल फुलं. भट्टीतनं काढलेल्या विटेसारखी लाल, मधी लांब-लांब तुरे. पानं नसल्यामुळं नुसती फुलंच फुलं. एक काळं-निळं चमकणारं इवलंसं पाखरू एका फुलातनं दुसऱ्यात चोच घालायलेलं. खाली वाळूवर बी फुलं पडलेली, जणू कुणी हळदीकुंकवातलं कुंकू सांडलंय. परी रडायची थांबली. मी बी थांबले. मधमाश्या लई होत्या, तरी मी पळाले न्हाय. आमचं घरातलं माणूस एवढं देखणं असंल, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

ह्यांनी हात जोडले, मग कुऱ्हाड उचलली.

गोदाआजीनं काठी आडवी धरली. "पायापड, मग घाव. वा रे वा. देव म्हणायचं अन् कुऱ्हाड घेऊन यायचं. तुमच्या गावची नेपती काय झाली?"

"सरली," ह्ये म्हणले.

"कुणी सरवली?"

ह्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

"पलीकडच्या गावची बी तशीच सरली. ह्या वाळूत हिचं गोत होतं सगळं. काही देवकवाल्यांनी नेलं, राहिलेलं वाळूच्या ट्रॅक्टरखाली गेलं. ही एकटी हाय. हिला घाव घालायचा तर आधी मला घाल."

मी पायच धरले तिचे. पाय धरताना पदर ताणला, पदराबरूबर ह्ये आले, ह्ये बी पाया पडल्यासारखे झाले. "आजी, उद्या हळदीआधी फांदी न्हाय पोचली तर लग्न मोडंल हो. दुसरी नेपती कुठं न्हाय आमाला. आमच्या आत्याबाईंनी तर इथनंच हिरवीगार फांदी नेली होती, एका घावात."

"एका घावात?" गोदाआजी म्हणली अन् तिला हसू आलं. "असं म्हणती का ती? म्हणू दे." मग काठी खाली केली. "आधी जेवा. उपाशी माणसाशी मी भांडत न्हाय."

तिकडं तवर शेळीनं कुऱ्हाडीची पोळी खाल्ली होती. दोऱ्यासकट.

जेवण म्हंजी ज्वारीची भाकरी, आमच्यापेक्षा पातळ थापलेली, दही अन् लोणचं. लोणचं प्लास्टिकच्या डब्यात, पण वर झाकण मातर चिनी मातीचं, तपकिरी. "बरणी एकीनं नेली," गोदाआजी म्हणली, "लोणचं नेते म्हणली, बरणी लगेच पाठवते म्हणली. झाकण तेवढं माझ्याकडं राहिलं." पण माझं ध्यान लोणच्यावर. हिरवी गोल फळं, बोराएवढी, आंबट, मागनं जरा कडसर, असं लोणचं म्या जिंदगीत खाल्लं नव्हतं. म्या दोनदा घेतलं, ह्यांनी तीनदा, परीनं एक चोखून चोखून पांढरं केलं.

"आजी, कशाचं हाय हो?"

गोदाआजीनं हनुवटीनं बाहेर दाखवलं. झाडाकडं.

ह्यांचं बोट ताटातनं तोंडाकडं चाललेलं, ते वाटंतच थांबलं. ह्ये एकदम बारीक आवाजात म्हणले, "आपण देवक खाल्लं?"

मी मोबाईल काढला अन् सेल्फीत तोंड बघितलं. मग ह्यांचं बघितलं. मग परीचं. परी एका बाजूनं हसली. माझा जीवच गेला. मग ती दुसऱ्या बाजूनं हसली, तवा कुठं परत आला. तिथं रेंज नव्हती हे देवकाचेच उपकार, न्हायतर त्याच टायमाला फोन आला असता.

संध्याकाळी गोदाआजीनं आढ्यातनं एक पायपाचा तुकडा खाली ओढला. दोन्हीकडनं चिंध्या कोंबलेल्या. त्यातनं एक फांदी काढली. "ट्रॅक्टर मागं घेताना ही मोडली होती. म्या उचलून ठेवली. ही न्यायची. पूजा झाली की परत आणायची. अन् ह्या गावाचं नाव कुठं घ्यायचं न्हाय, न्हायतर कुऱ्हाडींची रांग लागंल इथं."

"आजी, ही वाळकी हाय," मी म्हणलं.

"नेपतीला पानं नसतेत. वाळली काय अन् वली काय, मांडवातल्या बायांना काय कळणार? खाली पडलेली फुलं वेच, दोऱ्यानं बांध. वरची तोडू नको."

रात्रीचं एवढंच सांगते, की गाठ बांधून झोपलं की कूस बदलायची ती दोघांनी ठरवून.

माघारी

निघताना गोदाआजीनं ते तपकिरी झाकण परीच्या हातात दिलं. "ने गं," म्हणली. मला वाटलं म्हातारपणाचं काय तरी असंल. परीला ते लई आवडलं, गार लागायचं हिरड्यांना. जळकोटापर्यंत तिनं ते सोडलं न्हाय. मी सगळ्या वाटंनं सेल्फीत तोंड बघत आले. शेजारची पोरगी म्हणली, "काकू, लई फोटो काढायलाव." आता हिला काय सांगायचं.

मांडवात पोचलो तर हळद वाटून तयार. वाजंत्री लागली, बाया भोवती झाल्या. म्या ताटातली फांदी पुढं केली. फुलं पार मऊ पडलेली.

"आगं बया," आमच्या चुलत सासूबाई म्हणल्या, त्यांचा आवाज वाजंत्रीच्या वर जातो. "ही तर वाळकी काटकी! चुलीतली उचलून आणली का काय?"

वाजंत्री थांबली. पोरीकडचे दोघं-तिघं माना लांब करून बघायले. किरण पाटावर बसलेला, त्याचं तोंड उतरलं. कुणीतरी म्हणलं, "आत्याबाईंना दाखवा, त्यांनी सोता आणलेली हाय."

आत्याबाई उठल्या. आल्या. फांदी हातात घेतली, उलटीपालटी केली, नख लावलं. मी ह्यांच्याकडं सरकले, गाठ अजून होतीच. मग आत्याबाईंनी वर बघितलं, माझ्याकडं, अन् माझ्या कमरेवरच्या परीकडं. परीच्या तोंडात झाकण.

आत्याबाईंनी झाकणाकडं बघितलं. लई येळ बघितलं.

"एकदम ताजी हाय," त्या मोठ्यानं म्हणल्या. "नेपतीला पानं नसतेत, एवढं बी ठाऊक न्हाय का कुणाला? वाजवा रे!"

वाजंत्री वाजली. गाठ सुटली. ह्ये जे पळाले ते थेट संडासाकडं, एकटे.

हळद लागल्यावर आत्याबाईंनी मला माजघरात बोलावलं. परीच्या हातातनं झाकण हळूच काढून घेतलं, पदरानं पुसलं. मिश्रीच्या बरणीवरची वाटी बाजूला केली अन् झाकण बसवलं. टक. असं बसलं जणू कधी उठलंच नव्हतं.

"म्हातारी काय बोलली?" त्या म्हणल्या.

"काय न्हाय. एका घावात म्हणल्यावर हसल्या."

म्या त्यांच्या तोंडाकडं बघितलं. नीट निरखून, डावीकडनं, उजवीकडनं. एकदम सरळ होतं. मग मी परीला घेऊन चांगली मोठ्यानं हसले, दोन्ही बाजूंनी.

लग्न पार पडलं. फांदी माघारी द्यायला आमी निघालो तवा उंबऱ्यात आत्याबाई आल्या. गाठ मारायला न्हाय. त्यांच्या हातात बरणी होती, घासून लख्ख केलेली, मिश्रीचा वास बी न्हाय.

"ही तिला दे. झाकणासकट. म्या दिली म्हणू नको," त्या म्हणल्या. मग इकडं तिकडं बघून, आवाज बारीक करून, "अन् दत्ताची पिशवी मोठी हाय ना? त्यात एक डबा घाल. रिकामा आणू नको."